बारावा सेंबे

माणसाला आयुष्यात एखादी गोष्ट फार हवी असावी, पण ती खायची असू नये. बढती हवी असली, मोटार हवी असली, तर लोक समजून घेतात, धीराचे दोन शब्दही बोलतात. पण चोपन्न वर्षांचा, एकतीस वर्षं पाणीखात्यात मीटरच्या आकड्यांशी संसार केलेला गृहस्थ तांदळाच्या एका चकतीसाठी झुरतो आहे असं कळलं, की लोक आधी त्याच्या बायकोकडे बघतात. माझ्या चिझुकोकडे त्या वसंतात सगळी गल्ली तशी बघत होती.

आता सोकासारख्या, साऱ्या जपानात सेंबेसाठीच ओळखल्या जाणाऱ्या गावात राहून सेंबेसाठी, म्हणजे तांदळाच्या त्या भाजलेल्या कुरकुरीत चकतीसाठी, झुरायचं म्हणजे नदीत उभं राहून घसा कोरडा पडण्यातला प्रकार. आमच्याकडे नळाला एक वेळ पाणी नसेल (हे मी पाणीखात्याचा माणूस असून सांगतो), पण कोपऱ्यावरच्या दुकानात सेंबे नाही असं व्हायचं नाही. तिळाचे, शेवाळाच्या काळ्या पट्टीत गुंडाळलेले, साखर भुरभुरलेले, मिरचीनं गाल लाल झालेले. शेजारी बरण्यांत तिखट चंद्रकोरी आणि शेंगदाणे, तळलेल्या मोचीचे, म्हणजे चिकट भाताच्या वड्यांचे, खारे तुकडे, काळ्या साखरेच्या कुरकुरीत बोटुल्या. सुटीच्या दिवशी चार वाजले की मी चहाबरोबर दोन सेंबे खातो. कुडुम असा आवाज आला की चिझुको आतून घड्याळ लावून घेते. मी स्वतःला या विषयातला जाणकार समजत होतो, आणि तेच सेकिनेआजींना बघवलं नाही.

सेकिनेआजी आमच्या शेजारच्या. वय शहाऐंशी. मी चड्डीत असल्यापासून त्या मला ओळखतात, त्यामुळे माझ्या जाणकारपणाबद्दल त्यांना कधीच आदर वाटलेला नाही. एका सुटीच्या सकाळी कचरा ठेवायच्या जागी भेटल्या. मी आदल्या दिवशी आणलेल्या सेंबेची स्तुती करत होतो. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, आणि म्हणाल्या, “योशी, तू खातोस तो यंत्राचा. यंत्राला भूक असते का रे कधी? मग त्याला चव काय कळणार?”

मग त्यांनी सांगितलं, की नदीपलीकडे उझावा म्हणून एक म्हातारा आहे. अजून हातानं थापतो, उन्हात चटईवर वाळवतो, निखाऱ्यावर भाजतो. त्यांचे यजमान हयात होते तेव्हा दर वसंतात सायकलवर मागे बसवून त्यांना तिथे न्यायचे. यजमान गेले, सायकल गेली, अकरा वर्षं झाली. “त्याचा सेंबे तोडला ना,” आजी म्हणाल्या, “की आधी कान जेवतात, मग तोंड.”

झालं. त्या दिवशी चार वाजता मी नेहमीचा सेंबे तोंडात घातला, आणि तो मला पुठ्ठ्यासारखा लागला.

माणसानं अशी गोष्ट मनात ठेवावी. मी ती गल्लीत बोललो. आमच्या गल्लीत अकरा घरं आणि त्यांत मिळून निदान पंचवीस मतं. गल्ली मंडळाचे अध्यक्ष होसोदासाहेब म्हणाले, उझावाकडे मंगळवारी जा, मंगळवारी निखारा चांगला असतो. का, ते त्यांनी सांगितलं नाही. अध्यक्ष कारणं देत नाहीत. न्हाव्याच्या मते उझावा चार वर्षांपूर्वीच वारला. मंडळाच्या चिटणीस कोबारीबाईंच्या मते तो वारला नव्हता, पण त्याची बायको वारली होती आणि त्यानं भट्टी फोडून टाकली होती. चिझुकोचं मत विचारलं, तर ती म्हणाली, “अहो, दात तपासून घ्या आधी.”

पहिल्या रविवारी मी गेलो. पाटी नव्हती, पण वास होता. वासाच्या बोटाला धरून मी शेताकडेच्या एका बोळात शिरलो. दार बंद. दारावर ब्रशानं लिहिलेला कागद: ‘आज हवा ओली आहे.’ आकाश तर नितळ होतं. पण मी सरकारी माणूस, कागदावर विश्वास ठेवतो. परत आलो.

दुसऱ्या रविवारी असं कोरडं, खणखणीत ऊन, की मनात म्हटलं आज तर उझावा स्वतः वाळला असेल. कागद: ‘आज वारा आहे.’ वारा होता खरा. चकत्या चटईवरून उडून शेतात जातात म्हणे.

तिसऱ्या रविवारी ऊन होतं, वारा नव्हता, ओल नव्हती. बोळाच्या तोंडापासूनच माझी पावलं आपोआप जलद पडू लागली. कागद: ‘आज गुडघे.’

मी त्या दारापुढे टोपी काढून कितीतरी वेळ उभा राहिलो. अर्ज नामंजूर होण्याची कारणं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो आहे. इतकं संक्षिप्त, इतकं निरुत्तर करणारं कारण आमच्या खात्यात आजवर कुणालाही सुचलेलं नाही.

चौथ्या रविवारी दार उघडं होतं. आत वारलेला उझावा आणि त्याची वारलेली बायको समोरासमोर बसून चहा पीत होते. सेंबे संपले होते. शिवाय, उझावानं मला सांगितलं, की असं उठून यायचं नसतं. जोडकार्ड पाठवायचं. म्हणजे दोन पत्रं एकाला एक जोडलेली. एकावर आपली मागणी, दुसऱ्यावर आपलाच पत्ता, त्यावर ते तारीख लिहून उलट टपाली पाठवणार. एका घराला बारा सेंबे. मेअखेर भट्टी बंद. पुढे ओल सुरू झाली की सेंबे आणि गुडघे दोन्ही मऊ पडतात. “आणि शरदात?” मी विचारलं. “शरदात गुडघ्यांना विचारून बघू,” उझावा म्हणाला. तो एक्याऐंशीचा होता. म्हणजे जे काय व्हायचं ते या मेच्या आत.

मी घरी येऊन शाई घोटली. मागणीचा मजकूर मी चार वेळा लिहिला. आधी ऋतूची चौकशी, मग त्यांच्या प्रकृतीची, मग चेरीचा बहर झडून गेल्याबद्दल थोडी हुरहुर, आणि शेवटी अगदी अंग चोरून, जमलं तर, सवड असली तर, बारा सेंबे. मजकूर इतका सुंदर उतरला की लिहिता लिहिता पहिलं कार्ड भरलं आणि मी दुसऱ्यावर गेलो. टपालपेटीत टाकल्यावर, कार्डाचा पेटीच्या तळाला लागलेला आवाज ऐकत असतानाच माझ्या ध्यानात आलं, की त्यांनी उत्तर लिहायची जागा मीच भरून टाकली आहे.

मी टपाल कचेरीत गेलो. खिडकीमागच्या बाईंनी फार सहानुभूतीनं ऐकून घेतलं. पेटीत पडलेलं कार्ड परत मिळण्यासाठी एक फॉर्म होता. त्या फॉर्मला कार्डाच्या अक्षराचा नमुना जोडायचा होता, आणि अक्षराचा नमुना कार्डावर होता. बाईंनी आणि मी एकमेकांना वाकून नमस्कार केले. पाच दिवसांनी माझंच कार्ड परत आलं. मजकुराच्या दोन ओळींमधल्या फटीत, जिथे मी चेरीबद्दल हुरहुरलो होतो तिथे, बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘जागा नाही. पुन्हा लिहा. थोडं लिहा.’

मी थोडं लिहिलं. उत्तर आलं: सव्वीस मे, बुधवार, दुपारी एक.

बुधवारी अर्धी रजा हवी होती. रजेच्या अर्जात मी ‘घरगुती कारण’ लिहिलं. आमचे साहेब निराकी भले गृहस्थ. त्यांनी हळू आवाजात विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना. मला खोटं बोलवेना. संध्याकाळपर्यंत कचेरीतल्या सतरा माणसांना कळलं, आणि मग त्यांतला एकेक जण माझ्या टेबलापाशी येऊन, काही न मागता, नुसता हवेबद्दल बोलून जाऊ लागला. आमच्यात न मागण्याची हीच पद्धत आहे. रजेवर जाणाऱ्यानं येताना कचेरीला खाऊ आणायचा असतो, आणि बारा सेंबे सतरा माणसांत कसे पुरवायचे हे गणित पाणीखात्यालाही सुटत नाही. म्हणून मी स्टेशनवरून छापील खोक्यातले वीस सेंबे आगाऊ आणून ठेवले. ते उद्या कचेरीला. आणि उझावाचे माझे. योजना निर्दोष होती. निर्दोष योजनांची मला आताशा भीती वाटते.

त्या दुपारी उझावाच्या अंगणात पाऊल टाकलं आणि माझं वय अर्धं झालं. चटईवर पांढऱ्या चकत्या ऊन पीत पडल्या होत्या. आत निखाऱ्याच्या लांब भट्टीवर जाळी, आणि जाळीपाशी उझावा. एका हातात लांब काड्या, दुसऱ्या हातात मुठीची चिनी मातीची दाबणी. चकती फुगू पाहते, तो दाबतो; चकती वाकू पाहते, तो उलटतो. क्षणभर विसावा नाही. आणि समोर बसून उझावाकाकू हळू आवाजात म्हणत होत्या:

*एक अंग उन्हाकडं, एक अंग सावलीकडं,*
*फिर गं माझ्या तांदूळबाई, फिर आता माउलीकडं.*
*अंगावर येऊ दे गं सोनं, नको येऊ देऊ डाग,*
*सासरच्या दारी तुझी ऐकू येऊ दे गं जाग.*

घड्याळ नव्हतं. गाणं सात वेळा झालं की सेंबे झाला. काकूंना खोकला आला की उझावा काड्या वर धरून थांबायचा, आणि खोकला संपल्यावर दोघं जिथे थांबले तिथून पुढे निघायचे. साठ वर्षं असं चालल्याचं काकू म्हणाल्या. शेवटी सोया सॉसचा कुंचला फिरला, आणि तो चुरर्र आवाज, तो जळक्या खारटाचा, नव्या भाताचा वास असा उठला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं, असं मी काकूंना सांगितलं.

आता इथे माझ्या हातून जे झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. एक सेंबे दाबणीखाली तडकला. उझावानं तो अर्धा तुकडा, गरम, चकचकीत, माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, घ्या. मी दोन्ही हात हलवून म्हणालो, नको नको, छे, मला कशाला. कुणीही सभ्य माणूस असंच म्हणेल. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा संकोचायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. ही पायरी आम्ही बोलायला शिकतो त्याच सुमारास शिकतो. पण उझावा साठ वर्षं निखाऱ्यापुढे बसलेला. त्याच्याकडे दुसऱ्यांदाला वेळ नव्हता. “बरं,” तो म्हणाला, आणि तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला.

कुडुम.

आजी म्हणाल्या होत्या ते खरं होतं. माझे कान जेवले. मी उपाशी राहिलो.

निघताना उझावानं कागदी पिशवी हातात ठेवली आणि बजावलं, आजच खा. उद्या तो दुसराच कुणीतरी असतो.

पिशवी कोटाच्या आत धरून मी निघालो. वाटेत खाता आला असता असं कुणी म्हणेल. रस्त्यानं चालताना खाणारा माणूस मी नाही. आणि गाडीत एकूण चाळीस माणसं चिडीचूप बसलेली असताना तो आवाज काढायचा म्हणजे वाचनालयात ताशा वाजवण्यासारखं. तीन स्टेशनं मी ती ऊब छातीशी धरून बसलो. शेजारच्या बाई दोनदा नाक वर करून माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसलो. इतका आनंद लपवणं कठीण असतं.

गल्लीच्या तोंडाशी सेकिनेआजी झाडत होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही; कोटाकडे पाहिलं. झाडू थांबला. “उझावा,” त्या म्हणाल्या. एवढंच. मग घाईनं, “किती रे त्रास घेतलास आम्हा सगळ्यांसाठी,” असं म्हणून लगबगीनं होसोदांच्या घराकडे वळल्या. ‘आम्हा सगळ्यांसाठी’ म्हणजे काय ते मला समजलं नाही. मला फक्त चहा दिसत होता.

घरात शिरलो, बूट काढले, आणि चिझुकोनं पिशवी हातातून घेतली. “आधी बाबांना,” ती म्हणाली. आमच्या घरी नवं काही आलं की आधी पितरांच्या कोनाड्यात जातं. वडिलांच्या फोटोपुढे ठेवून उदबत्ती लावायची, ती विझेपर्यंत वाट बघायची. पिशवी बाबांपुढे गेली. बाबा हयातीतही असेच होते. त्यांचं जेवण उरकेपर्यंत कुणी जेवणाची काडी उचलायची नाही. मी समोर गुडघे मुडपून बसलो आणि उदबत्तीकडे बघू लागलो. उदबत्ती इतकी सावकाश जळते हे मला आजवर माहीत नव्हतं.

ती बोटभर उरली असताना चिझुको म्हणाली, “तुम्ही अजून कपडे बदलले नाहीत? चार वाजता सभा आहे ना.”

गल्ली मंडळाची मासिक सभा. पाळीनं घरोघर होते. मेची पाळी आमची होती, ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्याच अक्षरात लिहिली होती.

मी तत्काळ स्टेशनवरचं खोकं पुढे केलं. सभेला हे दे. कचेरीचं उद्या बघता येईल. चिझुको खोक्याची दोरी सोडते आहे तोवर दार वाजलं. चार वाजायला पाच मिनिटं होती. आमच्यात वेळेवर येणं म्हणजे उशीरच. होसोदासाहेब पुढे, मागे कोबारीबाई, त्यांच्यामागे आणखी सात जण, सर्वांत शेवटी सेकिनेआजी, केस नीट विंचरून. आणि त्या दहाजणांनी उंबऱ्यातच वाकून, एका सुरात, उझावाच्या सेंबेबद्दल माझे आभार मानले. होसोदासाहेब म्हणाले, की स्वतःची रजा खर्चून गल्लीसाठी एवढं करणारा माणूस मंडळानं पूर्वी पाहिला नव्हता.

मी काय म्हणालो असेन? “छे, छे, किरकोळ आहे,” असं म्हणालो.

आत उदबत्ती विझली. चिझुकोनं ताटली भरून आणली. तीत अकरा होते. बारावा कुठे गेला ते तिच्या ओठाच्या कोपऱ्यावरच्या चकाकीवरून कळलं. पाहुण्यांना देण्याआधी चव बघायला नको का, असं तिनं मला नंतर सांगितलं. ती जे म्हणत नव्हती ते तिच्या डोळ्यांत होतं: तिचे डोळे मोठे झाले होते, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं माझ्या एखाद्या उद्योगाकडे मान्यतेनं पाहिलं.

मी मनाशी हिशेब मांडला. पाहुणे दहा, सेंबे अकरा. एक उरतोच. यजमानानं शेवटी घ्यायचा असतो, म्हणजे तो माझा. नकोनको झाली, संकोच झाले, आणि मग एकेक हात पुढे आला. कुडुम. कुडुम. आमच्या त्या आठ चटया मावतील एवढ्या खोलीत जणू नव्या वर्षाची घंटा वाजली. होसोदासाहेबांनी डोळे मिटले. कोबारीबाईंची लेखणी हातातून गळली. सेकिनेआजींनी आपला सेंबे चहात बुडवून, कानाशी नेऊन ऐकला, मग चोखत बसल्या. त्या कुठल्यातरी सायकलवर होत्या.

आणि मग ताटलीत एक उरला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी हिशेब बरोबर केला होता, पण माणसांत केला नव्हता. शेवटचा उरलेला तुकडा आमच्याकडे कुणी उचलत नाही. पाहुणा नाही, यजमान तर नाहीच. तो उचलणारा जन्मभर ‘तो शेवटचा उचलणारा’ म्हणून ओळखला जातो. आणि यजमानानं ताटली रिकामी होण्याआधी आत नेणं म्हणजे पाहुण्यांना उठा म्हणणं. तो सेंबे माझ्यापासून दीड हातावर होता, आणि चंद्राइतका दूर होता.

होसोदासाहेबांनी विषय काढला: कचऱ्यावरच्या जाळीचा, कावळे ती फाडतात त्याचा. कुणीतरी निळी जाळी सुचवली. पण बोलणाऱ्या प्रत्येकाची नजर ताटलीवर होती. मी होसोदासाहेबांना आग्रह केला, त्यांनी कोबारीबाईंना, त्यांनी आजींना, आजींनी मला, आणि मी पुन्हा होसोदासाहेबांना. हे चक्र तीनदा फिरलं. आमचे पाय मुडपलेले, पोटऱ्यांना मुंग्या आलेल्या; पण ताटली रिकामी झाल्याशिवाय सभा उठवायची कशी? जाळीचा विषय संपला. कावळ्यांचाही संपला. पाच वाजले.

तेव्हा एकानं दगड-कात्री-कागद खेळायची सूचना मांडली. जिंकेल त्यानं खायचा. कोबारीबाई म्हणाल्या, पण मग जिंकणारा हावरा दिसेल. दुरुस्ती आली: हरेल त्यानं खायचा. ठराव मंजूर झाला. अकरा माणसं गोल करून खेळली. अकरा माणसांत तिन्ही आकार दर वेळी पडतातच, आणि मग कुणीच हरत नाही, हे आम्हाला तेविसाव्या खेपेला कळलं. प्रत्येकजण हरायला किती उत्सुक होता ते मात्र त्या खोलीत लपत नव्हतं.

शेवटी होसोदासाहेबांनी हात वर केला. अध्यक्ष या नात्यानं त्यांनी निर्णय दिला, की उरलेला सेंबे पुढील सभेकडे वर्ग करण्यात यावा. कोबारीबाईंनी वहीत लिहिलं: ‘सेंबे, एक नग, शिल्लक. पुढील महिन्यात विचारार्थ.’ तो कागदात गुंडाळून मंडळाच्या कपाटात ठेवायचा होता. भूकंपासाठीच्या बॅटऱ्या, शिरस्त्राणं आणि पाच वर्षं टिकणारी बिस्किटं असतात त्या कपाटात. जूनच्या ओलीत. महिनाभर.

मला उझावा आठवला नाही, रजा आठवली नाही, कार्डं आठवली नाहीत. फक्त एवढं दिसलं, की तो तिथे अंधारात मऊ पडणार. ज्याला सात वेळा गाणं म्हणून कडक केलं, तो ओल्या पुठ्ठ्यासारखा वाकणार. कोबारीबाईंनी कागद पसरला, आणि माझ्या तोंडातून माझ्याच आवाजात शब्द आले.

“मी खातो.”

बाहेर कचऱ्यावर कावळा बसल्याचं ऐकू आलं. चिझुकोनं किटली खाली ठेवली. मी हात लांब केला. हात माझा होता, पण तो मला फार धीट माणसाचा वाटला. सेंबे उचलला, आणि खाल्ला.

काय सांगू? आधी कानांत घुमलं, डोक्याच्या घुमटात घंटा. मग सोयाचा खारट काळा तकाकता पदर, त्याखाली निखाऱ्याची जराशी कडू चिमूट, आणि मग, चावता चावता, सगळ्याच्या मागून, सावकाश, लाजत, भाताची गोडी आली. चटईवरचं ऊन दातांखाली फुटलं. शेताकडेचा बोळ, खोकल्याशी थांबलेलं गाणं, काडीवर तोललेले साठ वसंत; सगळे एकेक करून जिभेवर उतरले. मी शेवटचा कण गिळला तेव्हा लक्षात आलं की माझे डोळे मिटलेले आहेत. उघडायचं धाडस होईना. दहा शेजाऱ्यांपुढे माझी एकतीस वर्षांची अब्रू मी कुडुमदिशी मोडून खाल्ली होती.

“बरं केलंस बाबा,” सेकिनेआजींचा आवाज आला. “माझा डावा पाय मघाशीच वारला.”

कुणीतरी फसकन हसलं. मग सगळेच. होसोदासाहेब, ज्यांना मी हसताना कधी पाहिलं नव्हतं, ते चटईवर आडवे होऊन पोटऱ्या चोळत हसत होते. निघताना दहाहीजण माझ्यापुढे असे वाकले जणू मी त्यांना आगीतून बाहेर काढलं होतं. पायांना मुंग्या आलेली ती मिरवणूक भिंतीला धरून धरून गल्लीतून गेली.

पण तोंडातली चव गेल्यावर लाज आली. दहा दिवस मी कचरा पहाटे लवकर ठेवत होतो. कचेरीत खोक्यातले सेंबे वाटले. निराकीसाहेबांनी एक तुकडा खाऊन माझ्याकडे दुःखानं पाहिलं. घरी चिझुको चहाच्या वेळी नुसती गालात हसायची.

अकराव्या दिवशी गल्लीचं फिरतं पत्रक आलं. फळीला अडकवलेला कागद, घरोघर वाचून शिक्का मारून पुढे द्यायचा. वरच्या बाजूला निळी जाळी मंजूर. खाली पदाधिकाऱ्यांची यादी. आमच्या मंडळात प्रत्येक कामाला माणूस नेमलेला असतो: जाळी, होसोदा. आग-सराव, अमुक. पणत्या, तमुक. आणि शेवटी माझ्या आडनावाची नवी ओळ होती: ‘शेवटचा तुकडा, मिनेगिशी. मुदत एक वर्ष.’ तिच्यापुढे दहा घरांचे दहा लाल शिक्के.

मी संतापलो. हा अपमान आहे म्हणालो, राजीनामा देतो म्हणालो, ब्रश शोधू लागलो. चिझुकोनं कागद वाचला, अकरावा शिक्का मारला, आणि म्हणाली, “अहो, एकमतानं झालंय. जाताना चांगला कोट घाला.”

जूनची सभा होसोदांकडे. बाहेर ओल, आत साधेच दुकानातले सेंबे. मला मानाच्या जागी बसवलं. एकेक हात पुढे झाला, या वेळी भराभर, नकोनको न करता. कारण शेवट कुणावर येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. गप्पा झाल्या, हशा झाला, इतका की कोबारीबाईंना टिपणं राहून गेली. आणि ताटलीत एक उरला. दहा चेहरे माझ्याकडे वळले. त्यांत थट्टा असेल म्हणून मी मान ताठ केली होती. थट्टा नव्हती. लहान मुलं फटाक्याच्या वातीकडे बघतात तसं बघत होती ती माणसं.

मी उचलला. सेकिनेआजी गुडघ्यांवर सरकत माझ्या अगदी जवळ आल्या, आणि कानामागे हाताची ओंजळ धरली.

“सावकाश तोड रे, योशी,” त्या म्हणाल्या. “आम्हालाही खाऊ दे.”